कोपऱ्यावरचं गांजाचं दुकान कुठल्या सरकारचं?

प्रश्न विचारणाऱ्या ताई कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या मिसिसागा शहरात राहतात. गेल्या वर्षी त्या नागरिक झाल्या आणि येत्या निवडणुकीत पहिल्यांदाच मत देणार आहेत. त्यांनी लिहिलंय ते थोडक्यात असं: घराजवळच्या प्लाझात गांजाचं दुकान उघडलंय. मुलगा पंधरा वर्षांचा आहे. नवरा म्हणतो, ज्या पक्षाने हे आणलं त्याला आपल्या घरातून एकही मत जाणार नाही. ताईंना मात्र बाकी बाबतींत तोच पक्ष पटतो. रोज जेवताना हा वाद होतो आणि कुणीतरी ताटावरून उठून जातं. वाद कसा घालावा, आणि मत ठरवताना या मुद्द्याला किती वजन द्यावं?

ताई, गेली वीस वर्षं मी पील भागात, म्हणजे मिसिसागा-ब्रॅम्प्टनच्या परिसरात, निवडणुकीच्या वेळी उमेदवारांच्या एकत्रित सभा चालवते. इथे त्यांना ऑल कँडिडेट्स मीटिंग म्हणतात. सगळ्या पक्षांचे उमेदवार एका टेबलाशी बसतात, लोक चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहून देतात, आणि कुठला प्रश्न कधी वाचायचा हे मी ठरवते. मी कुठल्याही पक्षाची सदस्य नाही. गांजाच्या बाबतीत माझं मत तुमच्या नवऱ्यापेक्षा फार वेगळं नाही, हेही आधीच सांगते. माझ्या मुलांनी तो ओढू नये असंच मला वाटत होतं आणि आजही वाटतं.

तुमच्या घरातला वाद गांजाचा दिसतो, पण त्यात चार वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. गांजा वाईट आहे का? तो जवळ बाळगणाऱ्याला गुन्हेगार ठरवावं का? तो कुणी, कुठे, कसा विकावा? आणि या सगळ्याचा विचार करून मत कुणाला द्यावं? तुमचं पत्र वाचून वाटतं की पहिल्या प्रश्नावर तुम्हा दोघांचं एकमत आहे. भांडण पुढच्या तीन प्रश्नांवर आहे, पण दोघंही पहिल्याच प्रश्नाचं उत्तर मोठ्या आवाजात देत राहता. हे मी सभांमध्ये अक्षरशः शेकडो वेळा पाहिलंय.

2015 च्या केंद्राच्या निवडणुकीत तर साऱ्या देशाने हेच केलं. ती मोहीम 78 दिवस चालली होती. लिबरल पक्षाचे नेते जस्टिन ट्रुडो यांनी 2013 च्या जुलैमध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या केलोना इथे गांजा कायदेशीर करण्याला उघड पाठिंबा दिला होता. त्याआधी, 2012 च्या जानेवारीत, लिबरल पक्षाच्या अधिवेशनात तसा ठराव मोठ्या बहुमताने मंजूर झाला होता. 2015 च्या जाहीरनाम्यात शब्द होते: कायदेशीर करू, नियमन करू, आणि उपलब्धतेवर निर्बंध घालू. त्यांचा युक्तिवाद असा होता की बंदी असूनही मुलांना गांजा सहज मिळतो आणि पैसा संघटित गुन्हेगारांच्या खिशात जातो. युनिसेफच्या 2013 च्या अहवालात श्रीमंत देशांमध्ये गांजा ओढणाऱ्या किशोरवयीन मुलांचं प्रमाण कॅनडात सर्वाधिक निघालं होतं, आणि त्या आकड्याचा प्रचारात भरपूर वापर झाला.

टॉम मल्केअर यांच्या एनडीपीची, म्हणजे न्यू डेमोक्रॅटिक पक्षाची, भूमिका वेगळी होती. जवळ थोडा गांजा सापडला तर फौजदारी गुन्हा नको, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे गुन्ह्यातून वगळायचं, पण विक्रीची कायदेशीर व्यवस्था लगेच उभी करायची नाही. एलिझाबेथ मे यांचे ग्रीन्स कायदेशीर करून कर लावण्याच्या बाजूचे. तेव्हाचे पंतप्रधान स्टीफन हार्पर यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा बंदीवर भर होता. गांजा तंबाखूपेक्षा कितीतरी पटींनी वाईट आहे, असं हार्पर स्वतः प्रचारात म्हणाले. पण त्या बाजूलाही सगळं एकसुरी नव्हतं. 2013 मध्ये देशातल्या पोलीस प्रमुखांच्या संघटनेने थोड्या गांजासाठी खटल्याऐवजी दंडाची पावती फाडण्याचा पर्याय मागितला होता, आणि त्यावर विचार करू असं हार्पर सरकारने म्हटलंही होतं.

नीट पाहिलं तर हा कायद्याच्या वेगवेगळ्या आराखड्यांमधला वाद होता: बंदी, पावती, गुन्ह्यातून वगळणं, नियमन करून विक्री. पण लोकांपर्यंत तो "गांजा हवा की नको" असाच पोचला. पंजाबी आणि चिनी वर्तमानपत्रांत कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने ज्या जाहिराती दिल्या, त्यांत ट्रुडो आले तर मुलांच्या हाती गांजा पडेल आणि वस्तीत वेश्यागृहं उघडतील अशी भीती घातली होती. त्या वर्षी आमच्या सभेत एक आजी अशी जाहिरात कात्रून, घडी घालून घेऊन आल्या होत्या. त्यांचा प्रश्न मी वाचला, आणि पुढची पस्तीस मिनिटं दीड तासाच्या सभेतून गेली. चारही उमेदवार आपापल्या मुलांविषयी बोलले. वय किती ठेवणार, विकणार कोण, शाळेपासून किती अंतर, पकडला गेला तर काय, यातलं एकही विचारलं गेलं नाही. मीही विचारलं नाही. घरी जाताना ते मला फार खुपलं, आणि तेव्हापासून अशा प्रश्नाच्या चिठ्ठीला मी माझा एक प्रश्न जोडते: "तुमच्या पदाच्या हातात यातलं नेमकं काय आहे?"

तुमच्या जेवणाच्या टेबलावरही मी हाच प्रश्न ठेवीन. कारण प्लाझातलं ते दुकान एका पक्षाने उघडलेलं नाही. ते तीन सरकारांच्या निर्णयांतून आलंय, आणि ती तिन्ही एका पक्षाची नव्हती.

फौजदारी कायदा हा ओटावाचा, म्हणजे केंद्राचा विषय. 1923 मध्ये गांजा बंदीच्या यादीत घातला तो केंद्राने, आणि काढला तोही केंद्राने. लिबरल सरकारने 2016 मध्ये माजी मंत्री अ‍ॅन मॅकलेलन यांच्या नेतृत्वाखाली कृतिगट नेमला, 2017 च्या एप्रिलमध्ये सी-45 विधेयक मांडलं, 2018 च्या जूनमध्ये ते सिनेटमधून पार झालं आणि 17 ऑक्टोबर 2018 ला लागू झालं. उरुग्वेनंतर साऱ्या देशभर असं करणारा कॅनडा दुसरा देश. केंद्राच्या कायद्यात आहे ते एवढं: प्रौढाने सार्वजनिक ठिकाणी 30 ग्रॅमपर्यंत सुका गांजा जवळ बाळगावा, घरात चारपर्यंत रोपं लावावीत, किमान वय 18, आणि अल्पवयीन मुलाला दिला किंवा विकला तर 14 वर्षांपर्यंत तुरुंगवास. दुकान कुठे असावं, याबद्दल केंद्र काही ठरवत नाही.

विक्री हा प्रांताचा विषय. ओंटारिओने वय 19 ठेवलं. क्वेबेकने आधी 18 ठेवलं आणि 2020 पासून 21 केलं, शिवाय घरी रोपं लावायला बंदी घातली. ती बंदी सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये वैध ठरवली. म्हणजे केंद्राचा कायदा एकच असताना माँट्रियलमधल्या आईची आणि तुमची परिस्थिती बरीच वेगळी आहे. आता ओंटारिओत काय झालं ते पाहा. कॅथलीन विन यांच्या लिबरल सरकारची योजना होती की गांजा फक्त सरकारी दुकानांतून विकायचा, एलसीबीओ या दारूच्या सरकारी दुकानांसारखा, आणि 2020 पर्यंत साधारण 150 दुकानं काढायची. ओढायचा तर खासगी घरातच. 2018 च्या जूनमध्ये सरकार बदललं. डग फोर्ड यांच्या प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने ती योजना रद्द करून विक्री खासगी दुकानांना खुली केली. 1 एप्रिल 2019 ला पहिली खासगी दुकानं उघडली. जिथे सिगारेट ओढायला परवानगी आहे तिथे गांजाही चालेल, हा नियमही त्याच सरकारचा. शाळेपासून 150 मीटर अंतराची अट घातली, तीही प्रांतानेच.

तिसरं सरकार तुमच्या शहराचं. आपापल्या हद्दीत दुकानं नकोत असं ठरवायची एक संधी फोर्ड सरकारने नगरपालिकांना दिली होती. 2018 च्या डिसेंबरमध्ये मिसिसागाने "नको" म्हटलं. शेजारच्या ब्रॅम्प्टनने "चालेल" म्हटलं. देशात गांजा कायदेशीर होऊनही मिसिसागात चार वर्षांहून जास्त काळ एकही परवानाधारक दुकान नव्हतं. 2023 च्या एप्रिलमध्ये नगर परिषदेने पुन्हा मतदान घेऊन दुकानांना होकार दिला, आणि त्यानंतर तुमच्या प्लाझातलं दुकान शक्य झालं. एकदा होकार दिला की दुकानांची संख्या ठरवणं किंवा त्यांना वेगळ्या विभागात हलवणं शहराच्या हातात उरत नाही. परवाना प्रांताची संस्था देते.

तेव्हा नवऱ्याचा राग दुकानावर असेल, तर त्याचं मत प्रांताच्या आणि नगर परिषदेच्या निवडणुकीत मोजलं पाहिजे. राग फौजदारी कायद्यातून गांजा काढल्याचा असेल, तर केंद्राच्या निवडणुकीत. दोन्ही राग प्रामाणिक असू शकतात. पण एकाचा हिशोब दुसऱ्या ठिकाणी चुकता करायला गेलं तर तो चुकता होत नाही. ओंटारिओचे प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह आणि केंद्रातले कॉन्झर्व्हेटिव्ह या दोन वेगळ्या संघटना आहेत, तेव्हा फोर्ड यांच्या निर्णयासाठी केंद्रातल्या उमेदवाराला जाब विचारणंही योग्य नाही. हे मी दोन्ही बाजूंना सारखंच सांगते.

आता वजनाचा प्रश्न. इथे तुमच्या परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. घरात कुणाला मानसिक आजाराचा इतिहास असेल, कुणी व्यसनातून बाहेर येत असेल, तर हा मुद्दा तुमच्यासाठी खरोखर मोठा आहे आणि त्याला मोठं वजन द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. तसं नसेल, तर मी आधी एक साधी गोष्ट तपासते: या निवडणुकीत हा प्रश्न खुला आहे का? 2015 मध्ये तो होता. तुमच्या मताने काहीतरी बदलणार होतं. 2017 मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह खासदारांनी सी-45 च्या विरोधात मतदान केलं, पण 2019 च्या प्रचारात त्यांचेच नेते अँड्र्यू शीअर म्हणाले की आपण गांजा पुन्हा गुन्हा ठरवणार नाही. 2025 च्या निवडणुकीत मी चालवलेल्या सभांमध्ये गांजाची एकही चिठ्ठी आली नाही. जो प्रश्न कुठलाच मोठा पक्ष उलटवू पाहत नाही, त्यावरून दिलेलं मत शिक्षा म्हणून देता येतं. बदल म्हणून नाही. नवऱ्याला शिक्षाच करायची असेल तर तो त्याचा हक्क आहे. फक्त आपण काय करतोय ते त्याला माहीत असावं.

मी एका गोष्टीवर नेहमी भर देते. पक्ष काय बोलतो त्यापेक्षा बोललेलं तो किती तपशिलाने बोलतो, हे पाहावं. त्याच 2015 च्या जाहीरनाम्यात लिबरल पक्षाने आणखी एक मोठं आश्वासन दिलं होतं: सर्वाधिक मतांच्या उमेदवाराला जागा देण्याच्या जुन्या पद्धतीची ही शेवटची निवडणूक असेल. गांजाचं आश्वासन पाळलं गेलं, निवडणूक पद्धतीचं 2017 च्या फेब्रुवारीत सोडून दिलं. माझ्या मते फरक असा होता की गांजाच्या बाबतीत काय करायचं हे पक्षाला आधीच माहीत होतं. जुन्या पद्धतीच्या जागी नेमकी कुठली आणायची, हे मात्र कधी ठरलंच नव्हतं. तेव्हा उमेदवार दारावर येऊन "मुलांचं रक्षण करू" म्हणाला, तर पुढचा प्रश्न "कसं?" असाच असला पाहिजे, पक्ष कुठलाही असो.

आणि 2015 च्या निकालाला "देशाने गांजाला मत दिलं" असं म्हणू नका, नवऱ्यालाही म्हणू देऊ नका. लिबरल पक्षाला 338 पैकी 184 जागा मिळाल्या, पण मतं साडेएकोणचाळीस टक्के. मिसिसागातल्या सहाही आणि ब्रॅम्प्टनमधल्या पाचही जागा त्यांनी घेतल्या, त्या जाहिराती असूनही. त्या लोकांनी मध्यमवर्गाचा कर, सीरियन निर्वासित, नागरिकत्वाचा कायदा, हार्पर यांची दहा वर्षं, असं कितीतरी मनात धरून मत दिलं होतं. एका मतात एवढं सगळं मावतं, म्हणूनच एका मुद्द्यावरून त्याचा अर्थ लावता येत नाही.

घरच्या वादाबद्दल एक गोष्ट मला मराठी घरांतच लक्षात आली. आपण "गांजा" म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे गांजेकस उभा राहतो, देवळाच्या पायरीवर पडलेला. होळीला किंवा महाशिवरात्रीला कुणी भांग घेतली तर तेच घर गालातल्या गालात हसतं, आणि झाड तर एकच. भारताच्या 1985 च्या अमली पदार्थ कायद्यातसुद्धा शेंड्याचा गांजा आणि नुसतं पान यांत भेद केलेला आहे. इथली मुलं "वीड" म्हणतात आणि त्यांच्या डोळ्यांपुढे वर्गातला एखादा सर्वसाधारण मुलगा येतो. नवरा आणि मुलगा एकाच वस्तूविषयी बोलत नसतात. नवऱ्याला विचारा की त्याने लहानपणी गांजाने उद्ध्वस्त झालेलं कुणी पाहिलंय का. बहुतेक वेळा असं एखादं माणूस निघतं, काका, शेजारी, मित्राचा भाऊ. ते ऐकून घ्या, मध्ये आकडे सांगू नका. माझ्या अनुभवात त्यानंतर आवाज खाली येतो.

मग त्याला उरलेलं चित्र सांगता येईल, आणि ते दोन्ही बाजूंनी सांगायला हवं. बंदीच्या काळात दरवर्षी हजारो माणसांवर नुसता गांजा जवळ बाळगल्याचे गुन्हे नोंदले जात होते, आणि त्यांत कृष्णवर्णीय आणि आदिवासी तरुणांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार जास्त होतं. एका नोंदीमुळे नोकरी हुकायची, अमेरिकेची सीमा बंद व्हायची. ते आता थांबलंय, आणि 2019 मध्ये जुन्या नोंदींसाठी शुल्काशिवाय माफीचा मार्गही काढला गेला. बेकायदा बाजार आक्रसला, पण संपला नाही. मुलांमधला वापर भीती होती तसा उसळला नाही. मात्र गांजा घातलेल्या गोळ्या-चॉकलेटांची विक्री 2019 च्या अखेरीस सुरू झाल्यावर लहान मुलांनी ती चुकून खाल्ल्याचे आणि रुग्णालयात न्यावं लागल्याचे प्रकार ओंटारिओत वाढले. कायदेशीर पाकिटात टीएचसीची, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाची, मर्यादा 10 मिलिग्रॅम आहे, तरी दोन-तीन वर्षांच्या पोराला ती जास्तच. हे सगळं एका बाजूच्या झोळीत बसत नाही.

मुलाबद्दल वेगळं लिहिते, कारण तुमची खरी काळजी तिथे आहे असं मला वाटतं. पंधराव्या वर्षी तो त्या दुकानात शिरूही शकत नाही. तरुण दिसणाऱ्याला ओळखपत्र पाहिल्याशिवाय आत घेत नाहीत. त्याच्या हाती गांजा आलाच तर मित्राकडून किंवा बेकायदा विक्रेत्याकडून येईल, 2018 आधी यायचा तसाच. तेव्हा त्याच्याशी बोलताना दुकानाबद्दल नको, मित्रांबद्दल आणि त्याच्या मेंदूच्या वाढीबद्दल बोला. आणखी एक, जे मराठी घरांत फार कमी लोकांना माहीत असतं: कॅनडात कायदेशीर आहे म्हणून सीमा ओलांडताना जवळ ठेवता येत नाही, अमेरिकेला जाताना नाही आणि भारतात तर नाहीच. तुमच्या नात्यात कुणी अजून कायम रहिवासी असेल, नागरिक नसेल, तर त्यांना हेही सांगा की गांजा ओढून गाडी चालवल्याचा गुन्हा 2018 च्या डिसेंबरपासून इतका गंभीर धरला जातो की त्यातून इथे राहण्याचा हक्कही जाऊ शकतो. निवडणुकीचा निकाल काहीही लागो, हे बदलत नाही.

तुमच्या रायडिंगमध्ये, म्हणजे मतदारसंघात, सभा झाली तर जरूर जा आणि नवऱ्यालाही न्या. चिठ्ठीवर "गांजाबद्दल तुमचं मत काय" असं लिहू नका. मी तुमच्या जागी असते तर केंद्राच्या उमेदवाराला विचारलं असतं: गांजावरच्या उत्पादन शुल्कातला पाऊण वाटा प्रांतांना जातो, तर उरलेल्यातून किशोरवयीन मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी तुम्ही काय मागणार? आणि नगर परिषदेची निवडणूक येईल तेव्हा तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाला: 2023 मध्ये होकार दिल्यानंतर किती दुकानं आली, आणि बेकायदा विक्री त्यामुळे खरंच कमी झाली का, याचा हिशोब शहराने ठेवलाय का? काय उत्तर मिळतं ते मला कळवा. नवऱ्याला त्यातलं काय पटलं, तेही.